शाळेने मूल शोधायचं, की मुलाने शाळा?

गेल्या उन्हाळ्यात आई इकडे अमेरिकेत माझ्याकडे आली होती. संध्याकाळी पाय मोकळे करायला आम्ही जवळच्या सार्वजनिक वाचनालयापर्यंत जायचो. तिथे दाराशी एक साधा कागद चिकटवलेला होता. मजकूर साधारण असा: तुमचं मूल पाच वर्षांच्या आतलं आहे का? त्याचं बोलणं, चालणं, ऐकणं, खेळणं याबद्दल काही शंका वाटते का? आम्हाला फोन करा, तपासणी मोफत आहे. खाली जो नंबर होता तो कुठल्या दवाखान्याचा नव्हता, तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा होता.

आईने माझ्याकडून तो कागद दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे इथे शाळाच मुलं शोधत फिरते होय गं?" आणि गप्प झाली. तिच्या मनात कोण आलं ते मला कळलं. माझा मावसभाऊ. पाचव्या वर्षी मावशी त्याला शाळेत घेऊन गेली तेव्हा "अजून जरा मोठा होऊ दे, मग बघू" म्हणून परत पाठवलं होतं. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मावशी गेलीच नाही.

तुम्ही हा ब्लॉग नेहमी वाचत असाल तर तुम्हाला माहीत आहे, की माझा पीएचडीचा विषय अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधल्या विशेष शिक्षणाचा इतिहास हा आहे, आणि त्यातही तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा. आईच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं एका शब्दात देता येतं. पण ते "हो" म्हणायला या देशाला किती वर्षं लागली, आणि ते अजूनही किती कच्चं आहे, हे सांगायला ही पोस्ट.

आधी एक खुलासा. 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एका गावाच्या किंवा शहराच्या सरकारी शाळा चालवणारी ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं स्वतःचं बोर्ड असतं आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या भागातल्या घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून येतो. अशी तेरा हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्टं या देशात आहेत. कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणाला नाही, हे अनेक वर्षं प्रत्यक्षात हीच मंडळी ठरवत होती.

पाच वर्षांचं 'मानसिक वय'

मावशीला ऐकावं लागलेलं ते वाक्य पेनसिल्व्हेनिया राज्यात चक्क कायद्यात लिहिलेलं होतं. पहिलीत जायच्या वयाला मुलाचं 'मानसिक वय' पाच वर्षांचं झालेलं नसेल तर त्याचा प्रवेश शाळा पुढे ढकलू शकत होती. मानसिक वय म्हणजे बुद्धिमापन चाचणीवर त्या मुलाची कामगिरी किती वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतकी आहे, तो आकडा. आता बघा, ज्या मुलाची वाढच सावकाश आहे, त्याचं मानसिक वय सातव्या, आठव्या किंवा दहाव्या वर्षीही पाच न होण्याची शक्यता दाट. कायदा "कधीच नाही" असं म्हणत नव्हता. तो "थांबा" म्हणत होता. मूल मात्र थांबता थांबता मोठं व्हायचं.

त्याच कायद्यात दुसरंही एक कलम होतं. मानसशास्त्रज्ञाने एखाद्या मुलाला 'शिकवता न येण्याजोगं' ठरवलं, की शाळेची त्याच्यापुरती जबाबदारी संपली. मग मूल घरी, नाहीतर राज्याच्या एखाद्या मोठ्या निवासी संस्थेत.

जानेवारी १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पालकांच्या संघटनेने राज्यावर खटला भरला. संघटनेचं नाव पेनसिल्व्हेनिया असोसिएशन फॉर रिटार्डेड चिल्ड्रन, म्हणून खटला 'पार्क' या नावाने ओळखला जातो. (आज तो 'रिटार्डेड' शब्द शिवीसारखा ऐकू येतो, पण तेव्हा पालकांनीच तो संघटनेच्या नावात घेतलेला होता.) त्यांचे वकील थॉमस गिलहूल. त्यांचा स्वतःचा भाऊ पेनहर्स्ट नावाच्या अशाच एका निवासी संस्थेत राहत होता.

खटल्यात तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या ऑगस्ट १९७१ मध्ये, आणि त्याही एकाच दिवशी. तज्ज्ञांचं म्हणणं थोडक्यात असं: शिकू न शकणारं मूल असं काही नसतंच. कोणी वाचायला शिकेल, कोणी बटण लावायला, पण शिकेल प्रत्येक जण. आणि जितक्या लहान वयात सुरुवात कराल तितकं जास्त शिकेल. एवढं ऐकून राज्याने पुढे लढायचं सोडून तडजोडीची तयारी दाखवली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तडजोडीचा आदेश दिला आणि १९७२ मध्ये तो कायम झाला.

त्या आदेशातलं एक कलम माझ्या प्रबंधासाठी फार महत्त्वाचं आहे. जिथे जिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी बालवर्ग चालतात, तिथे तिथे त्याच वयाच्या मतिमंद मुलांनाही मोफत आणि त्यांना झेपेल असं शिक्षण मिळालं पाहिजे. म्हणजे "पाच वर्षांचं मानसिक वय होऊ दे, मग या" इथून "इतर मुलं येतात त्या वयात हीही येतील" इथपर्यंतची उडी एका वर्षाच्या आत झाली. निदान कागदावर तरी.

आयोवातली तेरा बाळं

"जितकं लहान तितकं बरं" हे त्या तज्ज्ञांना कुठून माहीत होतं? त्यासाठी थोडं मागे, १९३० च्या दशकात जावं लागेल.

आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट इथे एक अनाथाश्रम होता. हॅरोल्ड स्कील्स हे तिथे काम करणारे मानसशास्त्रज्ञ. तेरा आणि सोळा महिन्यांच्या दोन मुली इतक्या मागे पडलेल्या होत्या की त्यांना प्रौढ मतिमंद स्त्रियांच्या संस्थेत हलवलं गेलं. आता काही होणार नाही, असंच सगळ्यांनी धरलं होतं. काही महिन्यांनी स्कील्स तिथे गेले तर त्या मुली ओळखू येईनात. हसऱ्या, दुडदुडणाऱ्या. झालं होतं एवढंच, की तिथल्या बायकांनी त्यांना कडेवर घेतलं होतं, त्यांच्याशी बोलल्या होत्या, त्यांना खेळवलं होतं. अनाथाश्रमात एवढ्या बाळांमध्ये ते करायला कोणाला सवड नव्हती.

मग स्कील्सनी मुद्दाम आणखी बाळं तिथे पाठवली, एकूण तेरा. अनाथाश्रमातच राहिलेल्या बारा मुलांशी त्यांची तुलना केली. १९३९ मध्ये निष्कर्ष छापले. हलवलेल्या तेरांचा सरासरी बुद्ध्यंक ६४ वरून सुमारे ९२ वर गेला होता. मागे राहिलेल्या बारांचा सुमारे ८७ वरून ६१ च्या आसपास घसरला होता.

त्या काळच्या बड्या मानसशास्त्रज्ञांनी या कामावर टीकेची झोड उठवली. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असं मानणाऱ्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. टीकेत तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. मुलं थोडी होती, चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि इतक्या लहान बाळांच्या चाचण्या फारशा भरवशाच्या नसतात. पण स्कील्सनी ती मुलं पुन्हा शोधून काढली. १९६६ च्या अहवालात पंचविसाच्या पंचवीस जणांचं पुढे काय झालं ते आहे. तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते. मागे राहिलेल्या बारांपैकी एक जण संस्थेतच वारला होता आणि चार जण तेव्हाही संस्थांमध्येच होते.

हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या तेरांपेक्षा मला त्या बारांचंच जास्त वाटलं. त्यांच्याशी कोणी वाईट वागलं नव्हतं. त्यांच्याकडे फक्त कोणी गेलं नव्हतं.

मुलं येत नाहीत, तर शिक्षिका जातील

या विचाराला सरकारी पैसा मिळाला १९६८ मध्ये. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने अपंग बालकांच्या लवकर शिक्षणाचे नमुना प्रकल्प उभारण्यासाठी वेगळा कायदा केला. त्यातून उभा राहिलेला माझा सगळ्यात आवडता प्रकल्प विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज या छोट्या गावचा, १९६९ चा.

अडचण अगदी साधी होती. तो सगळा ग्रामीण भाग. २३ स्कूल डिस्ट्रिक्टं, सुमारे ३६०० चौरस मैलांचा पसारा, आणि त्यात विखुरलेली छोटी छोटी मुलं. एका जागी वर्ग भरवायचा तर तीन वर्षांच्या पोराला रोज तासन् तास बसमध्ये बसवावं लागलं असतं. मग उलटं केलं. शिक्षिका आठवड्यातून एकदा, साधारण दीड तास, मुलाच्या घरी जायची. आईला किंवा वडिलांना एखादी छोटीशी गोष्ट करून दाखवायची, जसं की कप दोन हातांनी धरायला कसं शिकवायचं. पुढचा आठवडाभर घरचे तेच करायचे. पुढच्या भेटीत जमलं की नाही ते बघून पुढची पायरी. अशा पायऱ्यांची एक मोठी यादीच त्यांनी तयार केली. १९७६ च्या आवृत्तीत त्या ५८० आहेत.

ही पद्धत पुढे भारतातही आली. भारतीय भाषांमध्ये तिची रूपांतरं झाली. महाराष्ट्रातल्या विशेष शिक्षकांपैकी अनेकांनी 'पोर्टेज' हा शब्द प्रशिक्षणात ऐकलेला असतो. ते मूळचं एका गावाचं नाव आहे हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. (मलाही नव्हतं.)

"पैसे नाहीत" हे उत्तर

पेनसिल्व्हेनियाच्या पाठोपाठ राजधानी वॉशिंग्टनमध्ये 'मिल्स' खटला झाला. इथे बौद्धिकच नव्हे, तर सर्व प्रकारचं अपंगत्व आणि वर्तनाच्या अडचणी असलेली मुलं होती. तिथल्या शिक्षण मंडळाने सांगितलं, करायची इच्छा आहे हो, पण पैसे नाहीत. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी दिलेल्या निकालाचा आशय असा: पैसे कमी असतील तर ते सगळ्या मुलांमध्ये न्याय्य रीतीने वाटा. टंचाईचा सगळा भार अपंग मुलांवरच टाकता येणार नाही.

या दोन खटल्यांच्या पायावर १९७५ चा देशव्यापी कायदा उभा राहिला. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असं काँग्रेसने कायद्यातच नोंदवलं होतं. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे ज्याला इथे सगळे आयईपी म्हणतात, तो याच कायद्यातून आला. आणि आईने वाचनालयाच्या दारावर पाहिलेला कागदही यातूनच आला. मुलं शोधणं, त्यांच्यापर्यंत पोचणं आणि त्यांची तपासणी करणं हे कायद्याने सरकारचं कर्तव्य ठरवलं. पालकांनी अर्ज करायची वाट बघायची नाही. या कामाला 'चाइल्ड फाइंड' म्हणतात.

पण कायद्यात एक भोक होतं. हक्क तीन ते एकवीस वर्षांपर्यंत, असं वर लिहिलं आणि खाली अपवाद जोडला: राज्याच्या स्वतःच्या कायद्यात किंवा प्रथेत बसत नसेल तर तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सेवा देणं बंधनकारक नाही. म्हणजे ज्या वयात सगळ्यात जास्त फरक पडतो, नेमकं तेच वय राज्यांच्या मर्जीवर सोडलं.

शिवाय पैशाचं वचन. जादा खर्चासाठी केंद्राचा वाटा देशातल्या दरडोई शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढवत नेऊ, असं ठरलं होतं. तो आजवर कधीच ४० टक्क्यांपर्यंत पोचलेला नाही. उरलेला भार राज्यं आणि डिस्ट्रिक्टं उचलतात, आणि डिस्ट्रिक्टच्या मीटिंगांमध्ये ही गोष्ट अजून निघते.

भोक बुजायला अकरा वर्षं लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झालेल्या दुरुस्तीने राज्यांना बजावलं, की १९९१-९२ च्या शालेय वर्षापर्यंत तीन ते पाच वर्षांच्या सर्व पात्र मुलांना मोफत शिक्षण द्या, नाहीतर या वयोगटाचा केंद्राचा निधी विसरा. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीही वेगळा कार्यक्रम सुरू झाला. या दुरुस्तीमागे जोर लावणारे सिनेटर लोवेल वायकर स्वतः डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे वडील होते. गिलहूल काय, वायकर काय, या इतिहासात कायदा पुढे नेणाऱ्या माणसाच्या घरात डोकावलं की बऱ्याचदा एक मूल किंवा एक भावंड दिसतं.

हक्क मिळाला, पण

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर माझा प्रबंध केव्हाच लिहून झाला असता.

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या रॉचेस्टर डिस्ट्रिक्टमधला टिमोथी, न्यायालयाच्या कागदांत 'टिमोथी डब्ल्यू.', जन्मला डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे कायद्यावर सही झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात. त्याला अनेक गंभीर अपंगत्वं होती. तो चार वर्षांचा असताना, १९८० मध्ये, डिस्ट्रिक्टने ठरवलं की याचं अपंगत्व इतकं मोठं आहे की शिक्षणाचा याला उपयोगच होणार नाही, म्हणून आम्ही देणं लागत नाही. पेनसिल्व्हेनियातलं ते जुनं कलमच नव्या शब्दांत. जिल्हा न्यायालयानेही १९८८ मध्ये डिस्ट्रिक्टचं म्हणणं मान्य केलं. अखेर १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला: कायदा 'सर्व' मुलांसाठी आहे, फायदा होईल हे आधी सिद्ध करायची अट त्यात कुठेच नाही. तोवर टिमोथी तेरा वर्षांचा झाला होता. ज्या वर्षांसाठी भांडण होतं ती वर्षं निघून गेली होती.

दुसरी गोष्ट टेक्सासची. तिथे कोणी कोणाला "नाही" म्हटलंच नाही. २००४ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने डिस्ट्रिक्टांच्या कामगिरीच्या तपासणीत एक आकडा घातला: विशेष शिक्षणातली मुलं ८.५ टक्क्यांच्या वर नकोत. वर गेलात तर गुण कमी. हा आकडा कायद्यात नव्हता आणि पालकांना त्याची कल्पना नव्हती. राज्यातलं विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण जवळपास १२ टक्के होतं, ते २०१५ पर्यंत बरोबर ८.५ वर आलं. देशाची सरासरी तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास होती. २०१६ मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या वृत्तपत्राने हे प्रकरण उघड केलं. पुढच्या वर्षी विधिमंडळाने असा आकडा ठरवण्यावर बंदी घातली आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानेही टेक्सासने कायदा मोडल्याचं सांगितलं.

माझ्या सेमिनारमध्ये एक प्रश्न हमखास येतो: एवढी मुलं कमी झाली तर ती गेली कुठे? कुठेच गेली नव्हती. तिथेच वर्गात बसली होती. त्यांना शोधायचं थांबवलं होतं. शोधणं हे कर्तव्य असलं तर ते न करणंही किती बिनबोभाट करता येतं, ते यातून दिसतं. एका तक्त्यातला एक आकडा पुरतो.

आज काय होतं?

आज जन्मापासून सेवा घेणाऱ्या मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाला फार महत्त्व आहे. त्या दिवसापासून जबाबदारी स्कूल डिस्ट्रिक्टची. किमान ९० दिवस आधी बैठक व्हायला हवी आणि पात्र मुलाचा आयईपी वाढदिवसापर्यंत तयार हवा. २०१९ च्या सुमारास देशात तीन ते पाच वयाची आठ लाखांहून जास्त मुलं या व्यवस्थेत होती. या वयात घाईने कायमचा शिक्का बसू नये म्हणून नुसता 'विकासात विलंब' असा प्रवर्ग वापरायची मुभाही १९९० च्या दशकापासून आहे. तरीही तपासणीला उशीर, शिक्षकांचा तुटवडा, इंग्रजी न येणाऱ्या पालकांची बैठकीत होणारी कुचंबणा, हे सगळं आहे. इथल्या मराठी आईबाबांनाही सांगावंसं वाटतं: फोन करायला तुम्ही नागरिक असायची गरज नाही, दुभाषा मागता येतो, आणि "अजून बोलत नाही, बोलेल हळूहळू" असं घरचे कितीही म्हणाले तरी तपासून घेण्यात तोटा नाही.

आणि आपल्याकडे? फोर्ड यांच्या सहीच्या दोन महिने आधी, २ ऑक्टोबर १९७५ ला, भारतात एकात्मिक बाल विकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी सुरू झाली. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर आपल्या पालघरलाच झाली. त्यात आरोग्य पथकं अंगणवाडीत जाऊन मुलांमधला विकासाचा विलंबही तपासतात. म्हणजे शोधणारे पाय आपल्याकडे आहेत. पण शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो आणि दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा असाच आहे. अंगणवाडीत तीन वर्षांचं मूल सापडलं, तर त्याला शिकवायचं कायदेशीर कर्तव्य नेमकं कोणाचं, ती जागा मोकळी आहे. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यातही नेमकी तीच जागा मोकळी होती.

आई परत गेल्यावर तिने फोनवर सांगितलं, की तिने मावशीला त्या वाचनालयातल्या कागदाबद्दल सांगितलं. मावसभाऊ आता तिशीच्या पुढचा आहे. दुकानात वडिलांना मदत करतो, आकडे ओळखतो, सुट्टे पैसे बरोबर देतो. त्याला ते शाळेने शिकवलं नाही, मावशीने घरी शिकवलं. मी विचारलं, "मावशी काय म्हणाली?"

"काही नाही गं," आई म्हणाली. "तो कागद कितव्या वर्षापासून लागू असतो, एवढंच विचारलं."

मी म्हटलं, सांग तिला. तिसऱ्या.